सावत्र बाणाची नोंद घेणेबाबत

प्रति,
मा. कारखाना सुरक्षा अधिकारी,
औद्योगिक सुरक्षा कार्यालय,
दुसरा मजला.

अर्जदार : काच कारखान्याच्या ठसा विभागातील कामगार (पहिली पाळी), मयत गोदाम कामगाराची थोरली बहीण.

विषय : गोदामाच्या वरच्या मजल्यावर वापरात येणारा सदोष चष्मा सोमवारपूर्वी ताब्यात घेणेबाबत. (तिसरा अर्ज)

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज. २) माझा दुसरा अर्ज. ३) आपल्या कार्यालयाचे पत्र, ज्यात “प्रकरण निकाली काढण्यात येत आहे” एवढे एकच वाक्य आहे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, आमच्या कारखान्यात जे चष्मे तयार होतात ते साधे नव्हेत. चष्मा डोळ्यांवर चढवला की समोरच्या खऱ्या भिंतींवर आणि जमिनीवर अक्षरे, आकडे व बाण तरंगताना दिसतात. आमच्याच गोदामातले कामगार हे चष्मे घालून माल काढतात. बाण दाखवील तिकडे जायचे, दाखवील ते खोके उचलायचे. माझा धाकटा भाऊ असाच बाणामागे गेला आणि वरच्या मजल्यावरच्या मालाच्या लिफ्टच्या उघड्या खड्ड्यात पडून मेला. चौकशीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहिले गेले. आता त्याच्या जागेवर त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या भावजयीला, अनुकंपा तत्त्वावर घेतले असून येत्या सोमवारपासून तिला त्याच मजल्यावर पाठवणार आहेत. इथवर वाचून अर्ज बाजूला ठेवलात तरी चालेल. फक्त सोमवार तेवढा लक्षात ठेवा.

१. मागच्या दोन अर्जांत मी विषय नीट मांडला नाही, असे आपल्या कारकुनांचे म्हणणे आहे. म्हणून या वेळी मुळापासून लिहिते. चष्म्याच्या काचेवर रेघा असतात. त्या इतक्या बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, नुसती तेलावर येते तशी रंगीत झाक दिसते. दांडीतल्या छोट्या दिव्याचा प्रकाश काचेत एका कडेने शिरतो, आतल्या आत आपटत पुढे सरकतो आणि डोळ्यासमोरच्या रेघांपाशी बाहेर पडतो. माणसाला बाण दिसतो तो त्या रेघांच्या कृपेने. या रेघा आम्ही कोरत नाही, छापतो. काचेवर पातळ राळ पसरायची, तीवर ठसा दाबायचा, जांभळ्या दिव्याखाली राळ घट्ट होऊ द्यायची आणि मग ठसा सोलून काढायचा. हे सारे पिवळ्या उजेडाच्या खोलीत चालते, कारण साध्या उजेडात राळ आधीच घट्ट होते. ठसा नेहमी खालच्या कडेपासून सोलतात. त्यामुळे झिजतोही तो खालच्याच कडेला. हे काही मी लावलेले शोध नव्हेत. विभागातल्या कुणालाही विचारा. आमच्या व्यवस्थापक साहेबांना तर हे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळते, आणि म्हणूनच ते चौकशीच्या वेळी आपल्यासमोर गप्प बसले होते.

२. ठसा झिजला की रेघांचा कल बिघडतो आणि थोडा प्रकाश भलतीकडून बाहेर येतो. मग एका बाणाचे दोन होतात. दुसरा उलटा असतो. खरा उजवीकडे बोट दाखवत असेल तर हा डावीकडे. गोदामातले लोक खऱ्याला ‘सख्खा’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘सावत्र’. नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात ते एवढेच की, जाड दिसेल तो सख्खा, त्याच्या मागे जा, बारक्याकडे बघू नको. हसत हसत शिकवतात. सावत्र असला तरी घरातलाच आहे, त्याचा राग धरायचा नाही, असेही वर म्हणतात. माझा भाऊ जेवायला बसला की आम्हाला हे किस्से सांगायचा आणि आम्हीही हसायचो. मी पाळीप्रमुखांना ठसा बदला म्हणून म्हटले, तेव्हा ‘अजून चालतोय की, तुला काय घाई आहे’ असे उत्तर मिळाले. नवा ठसा चढवायचा तर यंत्र थांबवावे लागते, आणि यंत्र थांबलेले आमच्याकडे कुणाला बघवत नाही.

३. आता आपण कृपया इथे जरा लक्ष द्यावे, कारण सगळे याच्यात आहे. खालच्या मजल्यावर माल ढकलगाडीवरून जातो. माणसाची मान सरळ असते, नजर समोर असते आणि तो काचेच्या मधल्या भागातून बघतो. तिथल्या रेघा अजून धड आहेत, म्हणून तिथे जाड तो सख्खा हा नियम बरोबर चालतो. वरच्या मजल्यावर मात्र फळ्यांच्या रांगांमधून ढकलगाडी जात नाही. तिथे खोके छातीशी धरून चालावे लागते. खोके एवढे मोठे की हनुवटी आपोआप वर होते आणि पाय कुठे पडतोय ते बघायला नजर खाली जाते. म्हणजे माणूस काचेच्या खालच्या कडेतून बघू लागतो. नेमक्या झिजलेल्या कडेतून. तिथे सख्खा फिका पडतो आणि सावत्र चांगला गरगरीत दिसतो. माझ्या भावाला त्या दिवशी पहिल्यांदाच वर पाठवले होते. त्याने खोके उचलले, शिकवल्याप्रमाणे जाड बाणामागे गेला आणि डावीकडे वळला. डावीकडे लिफ्टचा खड्डा होता. लिफ्टचे दार बिघडलेले म्हणून दोरीने बांधून उघडेच ठेवले होते.

कंपनीने बाण पाठवणाऱ्या यंत्रातली नोंद आपल्याला दाखवली. त्यात बाण उजवीकडे आहे. ती नोंद खरी आहे, साहेब, मी ती कधीच नाकारलेली नाही. यंत्राने उजवीकडेच दाखवले. त्याच्या डोळ्यांना मात्र डावीकडचे दिसले. या दोन गोष्टींच्या मधे जी काच आहे, तिच्याबद्दल मी पहिल्या दिवसापासून बोलत आहे. आणि लिफ्टचे दार चौकशीला माणसे येईपर्यंत दुरुस्त झाले, म्हणून ते कधी उघडे नव्हतेच असे आपल्या अहवालात धरले गेले. एवढ्या चपळाईने आमच्याकडे दुसरे काही दुरुस्त झालेले मी पाहिलेले नाही.

४. माझ्या पहिल्या अर्जावरून आपण पंचनामा ठेवलात, त्याबद्दल मी खरोखर आभारी आहे. कंपनीने त्याच ठशातून निघालेली एक सुटी काच डबीत घालून, सीलबंद करून पाठवली. पंच म्हणून आपल्या टपाल विभागाचे कारकून आणि तळमजल्यावरचे झेरॉक्सवाले होते. डबी उघडल्यावर काचेवर रंगीत झाक दिसली. झेरॉक्सवाल्यांना वाटले, वाटेत कुणाचा तरी तेलकट हात लागला. सरकारी काम, मुद्देमाल स्वच्छ दिसावा, या चांगल्या भावनेने त्यांनी खिशातला रुमाल काढला, काचेवर तोंडाने दोनदा ‘हा’ केले आणि झाक पूर्ण जाईपर्यंत घासून पुसले. मी दारात उभी होते. “अहो, पुसू नका!” असे मी ओरडलेही, पण मला बाहेर थांबायला सांगण्यात आले. ती झाक म्हणजेच रेघा होत्या. त्यांच्यावर बोट टेकवायचे झाले तरी आमच्याकडे नोकरी जाते. त्यानंतर पंचनाम्यात लिहिले गेले की, “काच स्वच्छ व पारदर्शक असून तिच्यावर कोणताही दोष आढळून येत नाही.” दोष नव्हताच, कारण तिच्यावर आता काहीच उरले नव्हते. झेरॉक्सवाल्यांविषयी माझ्या मनात राग नाही. जाताना त्यांनी माझ्या अर्जाच्या प्रती फुकट काढून दिल्या.

५. दुसऱ्या अर्जात मी विनंती केली की, सुटी काच नको, भावाचा प्रत्यक्ष चष्माच तपासा. तोही आपण मागवलात. बाहेरचे प्लास्टिकचे झाकण फुटले होते, आतल्या काचा शाबूत होत्या. आपण तो स्वतः घातलात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. परंतु आपण खुर्चीवर बसला होतात, मागे टेकला होतात आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत होतात. आपल्याला एकच बाण दिसला. तसे बसून मलाही एकच दिसला असता. मी म्हटले, साहेब, तो फाइलींचा पेटारा उचलून चाला आणि खाली जिन्याकडे बघा. त्यावर खोलीतले सगळे हसले आणि आपणही हसलात. अधिकाऱ्याने हमाली करावी असे माझे म्हणणे नव्हते. पण त्या पेटाऱ्याला त्या दिवशी कुणी हात लावला असता तर हा तिसरा अर्ज लिहावा लागला नसता. अहवालात “चष्मा सुस्थितीत” असा शेरा पडला.

६. चष्मा सुस्थितीत ठरल्यामुळे तो ‘कंपनीची मालमत्ता’ म्हणून कंपनीला परत करण्यात आला. प्रकरण निकाली निघाले. मग कंपनीने मोठ्या मनाने भावजयीला नोकरी देऊ केली. तिने नेमणूकपत्रावर सही केली. त्यात एक कलम आहे की, चौकशीचा निष्कर्ष तिला मान्य आहे. माझ्याशी बोलून तिने सही केली आणि मी तिला अडवले नाही. घरात लहान मुलगी आहे, आई आहे. हा अर्ज भरपाईसाठी नाही हे मी दोनदा लिहिले आहे, तिसऱ्यांदा लिहिते. मला ‘निष्काळजीपणा’ हा एक शब्द काढून हवा आहे, आणि सोमवार टळायला हवा आहे.

त्या शब्दाने काय केले तेही सांगते, कारण अहवाल लिहिणाऱ्याला पुढचे दिसत नाही. भाऊ गेला तेव्हा आईने हंबरडा फोडला होता. अहवाल आल्यावर तिचे रडणे थांबले आणि ती त्याच्यावर चिडली. “चालताना लक्ष कुठं होतं याचं? लहानपणापासून असाच वेंधळा,” असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तो वेंधळा नव्हता, साहेब. शाळेतून येताना माझे बोट न सोडणारा मुलगा होता तो. सांगितले ते नीट ऐकायचा. त्या दिवशीही त्याने सांगितले तेच ऐकले. मेलेल्या मुलावर आई रागावून बसते, हे घरात बघवत नाही.

७. भावजयीला सध्या आठवडाभर खालच्या मजल्यावर शिकाऊ म्हणून ठेवले आहे. पहिल्या दिवशी तिला भावाचाच हजेरी क्रमांक दिला, कारण जागा त्याची. क्रमांकाबरोबर कपाट आले आणि कपाटाबरोबर चष्मा आला. आमच्याकडे चष्मा माणसाच्या नावाला नाही, क्रमांकाला जोडलेला असतो. झाकण नवे बसवले होते, दांड्या पुसून चकचकीत केल्या होत्या. तरी तिने तो हातात घेताक्षणी ओळखला. उजवी दांडी भावाच्या कानामागे टोचायची म्हणून तिनेच तीवर जखमेची चिकटपट्टी गुंडाळून दिली होती, टोकाला तिच्या पद्धतीने तिरकी कातरून. ती पट्टी तशीच होती. पुसणाऱ्याच्या नजरेतून ती कशी सुटली कोण जाणे. भावजय म्हणाली, क्षणभर वाटले की आता हे आत जेवायच्या खोलीत भेटतील. मग तिने चष्मा घातला, कारण तो घातल्याशिवाय गोदामाचा दरवाजा उघडत नाही.

मी दुसऱ्याच दिवशी पाळीप्रमुखांकडे गेले आणि निदान चष्मा तरी बदलून द्या असे हात जोडून सांगितले. ते म्हणाले, बदलायला कारण लागते आणि हा तर सरकारनेच तपासून चांगला ठरवलाय. म्हणजे कारखान्यातल्या सगळ्या चष्म्यांपैकी हा एकच असा आहे की ज्याच्या चांगुलपणावर सरकारी शिक्का आहे. तो शिक्का आपण दिलेला आहे.

८. आपल्या कार्यालयात मला जी उत्तरे मिळाली त्यांची नोंद येथे करते, म्हणजे पुन्हा तीच ऐकायला नको. ‘तिला भीती वाटत असेल तर तिने बाणाकडे बघू नये.’ बाणाची वाट सोडली की यंत्र चूक मोजते आणि शिकाऊ माणसाला चुका परवडत नाहीत. ‘तिने नोकरी सोडावी.’ हे सांगणाऱ्या गृहस्थांनी तिच्या मुलीचे तोंड बघून सांगावे. ‘वर बारीक तो सख्खा, असा उलटा नियम करून टाका.’ हे मलाही एकदा सुचले होते. परंतु खोके लहान असले की मान कमी वळते आणि मग जाड तो सख्खा ठरतो, खोके मोठे असले की बारीक तो. मधल्या आकाराचे असले तर दोन्ही सारखे. चालता चालता हे ठरवायचे आहे, हात भरलेले असताना. ‘अजून दुसरा कोणी पडला आहे का?’ नाही, साहेब. वरच्या मजल्यावर जुनी माणसे आहेत आणि ती बाणाकडे बघतच नाहीत, पाठ झालेल्या वाटेने चालतात. पडायला नवीनच माणूस लागतो. सोमवारी तो मिळणार आहे.

आपण म्हणाल, लिफ्टचे दार तर आता दुरुस्त आहे. परवा मी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम वर जाऊन आले. ते पुन्हा अडकू लागले आहे. दोरी तिथेच खिळ्याला टांगून ठेवलेली आहे.

९. काल भावजय कामावरून आली, चप्पल काढली आणि मुलीला जवळ न घेता माझ्याशेजारी येऊन बसली. तिने मला विचारले, “ताई, आज त्यांनी मला वरची वाट दाखवायला नेलं होतं, हातात रिकामं खोकं देऊन. कोपऱ्यावर दोन बाण आले. अगदी सारखे. यातला सख्खा कोणता, ते कसं ओळखायचं?” मी त्या काचांचा ठसा रोज हाताळते. विभागात माझ्याइतका जुना माणूस नाही. मलाही ओळखता येणार नाही, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, “मग यांना तरी कसं कळलं असेल?” एवढे बोलून ती स्वयंपाकाला उठली. आई पलीकडच्या खोलीतून हे ऐकत होती. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा ती भावाच्या नावाने रडली.

तरी माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे. आपण सोमवारी पाळी सुरू होण्यापूर्वी गोदामात यावे. भावजयीकडचा चष्मा न पुसता, न धुता, काचेला बोट न लावता, फक्त दांडीला धरून ताब्यात घ्यावा. तो आपण स्वतः घालावा, वरच्या मजल्यावर एक मोठे खोके छातीशी धरावे आणि कोपऱ्यापर्यंत चालावे. मी लिफ्टच्या दारात आडवी उभी राहीन, आपल्याला काहीही होऊ देणार नाही. कोपऱ्यावर जे दिसेल तेवढेच अहवालात लिहावे. माझ्या भावाचे नाव त्यात घालू नये, माझेही घालू नये, कंपनीला दोषही देऊ नये. ‘दोन बाण दिसले’ इतके तीन शब्द पुरे आहेत. यातले काहीच शक्य नसेल तर निदान आपल्या सहीने असे लेखी द्यावे की त्या कोपऱ्यावर सख्खा कोणता. मी ते भावजयीला पाठ करून घ्यायला लावीन.

मागच्या दोन्ही अर्जांवर आपल्या कार्यालयाचा शिक्का आठवड्याने पडला होता. या अर्जाला तेवढा वेळ नाही, म्हणून तो टपालपेटीत न टाकता हातात घेऊन आले आहे. आपण येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहीन. आज मी रजा घेतली आहे. माझ्या जागी ठशावर दुसरी बाई उभी आहे आणि काचा निघतच आहेत.

आपली नम्र,
(सही)
ठसा विभाग, पहिली पाळी

दिनांक : शुक्रवार. (तारीख आपल्या कार्यालयाने शिक्क्यात घालावी.)

सोबत :
१) पंचनाम्याची प्रत.
२) ‘चष्मा सुस्थितीत’ या शेऱ्याची प्रत.
३) भावजयीच्या नेमणूकपत्राची प्रत, मान्यतेच्या कलमासह.
४) तिरकी कातरलेली चिकटपट्टी, उरलेली गुंडाळी. दांडीवरच्या पट्टीशी ताडून पाहण्यासाठी.
५) चष्मा. जोडता आला नाही. सध्या तो तिच्या डोळ्यांवर आहे.